हेब्रॉनची बातमी छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरातून चाकूहल्ल्याची, गोळीबाराची किंवा संचारबंदीची बातमी आली, की मराठी वृत्तपत्रांत ती बहुधा ठरलेल्या साच्यात बसते. 'ज्यू आणि पॅलेस्टिनी यांच्यात पुन्हा चकमक' असा मथळा आणि शेवटी 'शतकानुशतकांचे वैर' असे एक वाक्य. ते वाक्य खरे नाही आणि त्यामुळे बातमीही कळत नाही. हेब्रॉनमध्ये कोण कुठल्या रस्त्याने चालू शकतो, कोणाच्या घराचा दरवाजा बंद आहे, मारामारी झाली तर पोलीस कोणाला धरतात, हे सारे १९९४ नंतरच्या लष्करी आदेशांनी आणि १९९७ च्या एका कराराने ठरते. तो करार काही वर्षांपुरता होता आणि आजही लागू आहे. हे पत्र नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, तरी शक्यतो पूर्ण छापावे, ही विनंती.

जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंचावर हे शहर आहे. अरबीत त्याला अल-खलील म्हणतात. ज्यू आणि मुसलमान दोघेही ज्याला पूर्वज मानतात त्या अब्राहामाने पत्नी सारेच्या दफनासाठी मखपेलाची गुहा ४०० शेकेल चांदी देऊन विकत घेतली, अशी कथा बायबलच्या उत्पत्ति या पुस्तकात आहे. त्या जागेभोवतीची दगडी भिंत हेरोद राजाच्या काळातली मानली जाते. आत मुसलमानांची इब्राहिमी मशीद आहे आणि ज्यूंसाठी ही पूर्वजांची समाधी आहे. तेराव्या शतकात मामलूक सुलतान बैबर्सच्या काळापासून ज्यू आणि ख्रिस्ती यांना आत प्रवेश बंद झाला. ज्यूंना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच चढता येई आणि ही बंदी १९६७ पर्यंत टिकली. हा अपमान खराच होता. पण त्याच शहरात १५४० मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या समाजाने अब्राहाम अविनू सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, उभारले आणि पुढची जवळजवळ चार शतके ज्यू तिथे राहिले. १८३४ मध्ये इब्राहिम पाशाच्या इजिप्शियन फौजेने शहर लुटले, तेव्हा मुसलमान आणि ज्यू दोघेही भरडले गेले. दर्जा समान नव्हता, शेजार मात्र होता. 'शतकानुशतकांचे वैर' लिहिणाऱ्याने या चारशे वर्षांचा हिशेब द्यायला हवा.

शेजार मोडला तो ऑगस्ट १९२९ मध्ये. जेरुसलेममध्ये ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीवरच्या हक्काचा वाद पेटला होता आणि ज्यू अल-अक्सा मशिदीवर चालून येत असल्याच्या अफवा गावोगाव पोहोचल्या होत्या. हेब्रॉनमध्ये तेव्हा एकच ब्रिटिश पोलीस अधिकारी होता, रेमंड कॅफेराटा, आणि त्याच्या हाताखाली मूठभर शिपाई. हागाना या ज्यू संरक्षण दलाची माणसे दंगलीच्या काही दिवस आधी शहरात येऊन गेली होती. त्यांनी देऊ केलेली मदत स्थानिक ज्यू पुढाऱ्यांनी नाकारली. अरब प्रतिष्ठित मंडळी आपल्याला सांभाळतील, असा त्यांचा विश्वास होता. तो आंधळा म्हणता येणार नाही, कारण अँग्लो-पॅलेस्टाइन बँकेचे व्यवस्थापक एलिएझर दान स्लोनिम हे नगरपालिकेचे सदस्य होते आणि अरबांत त्यांची ऊठबस होती. शुक्रवार २३ ऑगस्टच्या संध्याकाळी येशिवाचा, म्हणजे धर्मपाठशाळेचा, एक विद्यार्थी मारला गेला. शनिवारी सकाळी जमाव घराघरांत घुसला. एकूण ६७ ज्यू मारले गेले. स्लोनिम आणि त्यांच्या घरात आसऱ्याला आलेले अनेकजण त्यांत होते. त्याच दिवशी काही अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना आपल्या घरांत लपवले आणि दाराशी उभे राहून जमावाला परतवले. सुमारे ४३५ जण वाचले, त्यांतले बरेच या आसऱ्यामुळे. त्या आठवड्यात साऱ्या पॅलेस्टाइनमध्ये १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. मारले गेलेले बहुतेक अरब ब्रिटिश पोलीस-सैन्याच्या गोळ्यांना बळी पडले.

हेब्रॉनच्या ज्यू वस्तीचा मोठा भाग राजकीय झायोनवादी, म्हणजे ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र मागणारा, नव्हता, तर जुन्या धार्मिक कुटुंबांचा आणि १९२४ मध्ये लिथुआनियातून आलेल्या स्लाबोदका येशिवातल्या विद्यार्थ्यांचा होता, ही गोष्ट बातम्यांत कधी येत नाही. झायोनवादाविरुद्धचा राग त्यांच्यावर निघाला. खटले चालले आणि जून १९३० मध्ये ब्रिटिशांनी अक्का तुरुंगात तीन अरबांना फाशी दिली. त्यांतले दोघे हेब्रॉनचे. ज्यूंच्या आठवणीत ते खुनी, पॅलेस्टिनी गाण्यांत ते हुतात्मे. दोन्ही बाजूंची स्मृती अशी वेगळी झाली, ती तिथून.

१९३१ मध्ये काही ज्यू कुटुंबे परतली, पण १९३६ च्या अरब उठावात ब्रिटिशांनी त्यांनाही हलवले. १९४८ नंतर शहर जॉर्डनकडे गेले. ज्यूंची मालमत्ता 'शत्रूची मालमत्ता' म्हणून जॉर्डनच्या सरकारी रखवालदाराच्या ताब्यात आली. अब्राहाम अविनू सिनेगॉग उद्ध्वस्त करून तिथे जनावरांचा गोठा केला गेला. काही ज्यू जमिनी नगरपालिकेला भाड्याने दिल्या गेल्या आणि तिथे घाऊक भाजीबाजार उभा राहिला. हा बाजार पुढे पुन्हा येईल.

जून १९६७ मध्ये इस्रायलने शहर जिंकले. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी समाधीस्थळी दोन्ही धर्मांच्या प्रार्थनांच्या वेळा वाटून दिल्या. पुढच्या वर्षी वल्हांडणाच्या सणाला रब्बी मोशे लेव्हिंगर यांनी अनुयायांसह पार्क हॉटेल भाड्याने घेतले आणि सण उलटल्यावर जागा सोडायला नकार दिला. सरकारने त्यांना बळाने काढले नाही. आधी लष्करी तळावर जागा दिली आणि मग शहराच्या पूर्वेला किर्यात अर्बा ही ज्यू वसाहत मंजूर केली. १९७९ मध्ये मिरियम लेव्हिंगर यांच्यासह दहा-बारा स्त्रिया आणि चाळीसएक मुले रात्री खिडकीतून बेत हदास्सा या जुन्या ज्यू दवाखान्यात शिरली आणि तिथेच राहिली. २ मे १९८० रोजी त्या इमारतीजवळ पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी सहा ज्यूंना ठार केले. इस्रायलने महापौर फहद कवास्मे यांना हद्दपार केले आणि शहराच्या गाभ्यातल्या वस्तीला रीतसर परवानगी दिली. महिन्याभरात ज्यू भूमिगत गटाने नाब्लुस आणि रामल्लाच्या महापौरांच्या गाड्यांत बॉम्ब ठेवून त्यांना जायबंदी केले. १९८३ मध्ये याच गटाने हेब्रॉनच्या इस्लामिक कॉलेजात गोळीबार करून तीन विद्यार्थी मारले. ओळीने पाहिले तर क्रम स्पष्ट दिसतो. वसाहतवाले परवानगीशिवाय घुसतात, सरकार कचरते, रक्त सांडते आणि ते सांडल्यावर परवानगी मिळते. १९८० चा हल्ला हा खूनच होता, त्यात किंतु नाही. पण तो वस्ती थांबवण्यासाठी झाला आणि त्याने वस्ती पक्की केली.

आता १९९४. २५ फेब्रुवारीला रमजानमधला शुक्रवार होता आणि ज्यूंचा पुरीमचा सणही. किर्यात अर्बाचा डॉक्टर बारूख गोल्डस्टाइन लष्करी गणवेशात मशिदीत शिरला आणि पहाटेच्या नमाजात वाकलेल्या लोकांवर त्याने स्वयंचलित रायफल चालवली. २९ नमाजी मेले, शंभराहून अधिक जखमी झाले. वाचलेल्यांनी त्याला जागीच मारले. न्यायमूर्ती शामगर यांच्या चौकशी आयोगाने तो एकटाच होता, असा निष्कर्ष काढला. पंतप्रधान राबिन यांच्या सरकारात तेल रुमैदा टेकडीवरची ज्यू कुटुंबे हलवण्याचा विचार झाला आणि तो मागे पडला. हलवले गेले ते पॅलेस्टिनी. हल्ला ज्यूने केला होता, तरी संचारबंदी पॅलेस्टिनी रहिवाशांवर लागली, गाभ्यातला घाऊक बाजार बंद झाला आणि शुहादा या गाभ्यातल्या मुख्य रस्त्यावर त्यांच्या वाहनांना मज्जाव झाला. कारण असे दिले गेले की सूडाचा हल्ला टाळायचा तर दोन्ही समाज वेगळे ठेवले पाहिजेत. सुमारे ४५० ज्यूंना हलवायचे की हजारो पॅलेस्टिनींचे येणे-जाणे तोडायचे, या दोहोंतून दुसरा पर्याय निवडला गेला. माझ्या मते हेब्रॉनच्या आजच्या अवस्थेचे मूळ याच एका निवडीत आहे. हत्याकांडाच्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास, ६ एप्रिलला, हमासने अफुला शहरात आत्मघाती बॉम्बस्फोट केला. त्यात आठ जण मेले आणि इस्रायली शहरांतल्या आत्मघाती हल्ल्यांचे पर्व तिथून सुरू झाले.

समाधीस्थळाची फाळणीही त्याच वर्षीची. इसहाकाचा मोठा दालन मुसलमानांकडे, अब्राहाम आणि याकोब यांच्या बाजूची दालने ज्यूंकडे, मध्ये पोलादी दारे. वर्षातले दहा दिवस पूर्ण वास्तू ज्यूंना आणि दहा दिवस मुसलमानांना मिळते. अजान जिथून दिली जाते ती खोली ज्यूंच्या भागात आली, म्हणून मुअज्जिनला प्रत्येक वेळी इस्रायली सैनिकांच्या पहाऱ्यात तिथे जावे लागते आणि शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, अजान होत नाही. अब्राहामाची कबर दोन्ही बाजूंच्या जाळीदार खिडक्यांतून दिसते.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या ओस्लोच्या दुसऱ्या करारानुसार वेस्ट बँकमधल्या इतर शहरांतून इस्रायली सैन्य १९९५ च्या अखेरीस बाहेर पडले. मध्यभागी ज्यू वस्ती असलेले हेब्रॉन तेवढे मागे राहिले. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमधले बॉम्बहल्ले आणि मग नेतान्याहूंचा निवडणुकीतला विजय यांमुळे ते आणखी लांबले. १ जानेवारी १९९७ रोजी एका इस्रायली सैनिकाने करार मोडावा म्हणून बाजारात गोळीबार करून काही पॅलेस्टिनींना जखमी केले. तरीही त्याच महिन्यात हेब्रॉन करार झाला. त्याचे तपशील मुद्दाम देतो, कारण रोजचे भांडण त्यांवरच होते.

शहराचा सुमारे ८० टक्के भाग, एच-१, पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे गेला. उरलेला २० टक्के, साडेचार चौरस किलोमीटरच्या आतबाहेरचा एच-२, सुरक्षेसाठी इस्रायलकडे राहिला. त्यात जुने शहर, मशीद, चारही ज्यू वस्त्या आणि तेव्हाचे सुमारे ३५,००० पॅलेस्टिनी आले. एच-२ मध्ये पॅलेस्टिनींचे नागरी व्यवहार, म्हणजे पाणी, कचरा, शाळा, बांधकाम परवाने, नगरपालिकेने पाहायचे. पोलीस मात्र पॅलेस्टिनी नाहीत. एच-१ मधल्या ठाण्यांसाठी ४०० पोलीस, २० वाहने, २०० पिस्तुले आणि १०० रायफली एवढी मर्यादा लिहून ठेवली. एच-२ मध्ये नगरपालिकेचे निरीक्षक फिरू शकतात, पण साध्या वेशात, विनाशस्त्र आणि त्यांची संख्या ५० हून अधिक नाही. ठरावीक ठिकाणांपासून ५० मीटरच्या आत दोन मजल्यांहून, म्हणजे सहा मीटरहून, उंच बांधायचे असेल, किंवा ५० ते १०० मीटरच्या पट्ट्यात तीन मजल्यांहून, म्हणजे नऊ मीटरहून, उंच, तर इस्रायली बाजूशी आधी समन्वय करावा लागतो. नगरसेवा साऱ्या शहराला सारख्याच दर्जाने आणि खर्चाने द्यायची, हेही कराराने नगरपालिकेवर टाकले, आणि त्यात वसाहतीही येतात.

आता हे चालवायचे कसे ते पाहा. एच-२ मध्ये पॅलेस्टिनी घराला आग लागली किंवा कोणाला झटका आला, तर अग्निशमन दल वा रुग्णवाहिका एच-१ मधून निघते, पण बंद रस्त्यावर शिरण्यापूर्वी इस्रायली समन्वय कार्यालयाची मंजुरी लागते. नाक्यावरच्या सैनिकापर्यंत तो निरोप पोहोचलेला नसेल, तर गाडी तिथेच उभी. बंद रस्त्यांवर पॅलेस्टिनी वाहन चालतच नाही, त्यामुळे सिमेंट, गॅसची टाकी, फ्रीज, सारे हातगाडीवर किंवा खांद्यावर न्यायचे. चोरी, मारामारी, घराण्यांची भांडणे यांसाठी पॅलेस्टिनी पोलिसांना दर वेळी परवानगी काढावी लागते, आणि पॅलेस्टिनी पॅलेस्टिनींत भांडले तर इस्रायली पोलिसांना फारसे सोयरसुतक नसते. परिणामी एच-२ च्या काही मोहल्ल्यांत बेकायदा शस्त्रे आणि अमली पदार्थ यांचा सुळसुळाट झाला. हा दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नाही. सुरक्षा एकाकडे आणि नागरी व्यवहार दुसऱ्याकडे अशी विभागणी केली की मधली जागा बेवारस राहतेच.

त्यात कायदाही दोन तऱ्हेचा. एकाच गल्लीत दगड मारणारा पॅलेस्टिनी मुलगा लष्करी कायद्याखाली येतो आणि लष्करी न्यायालयात उभा राहतो. ज्यू मुलाला इस्रायली नागरी कायदा लागतो. सैनिकांना वसाहतवाल्यांनाही ताब्यात घेण्याचा अधिकार आहे, पण प्रत्यक्षात ते इस्रायली पोलिसांची वाट पाहतात, आणि तोवर हल्ला करणारा निघून गेलेला असतो. मार्च २०१६ मध्ये तेल रुमैदात एका पॅलेस्टिनीने सैनिकाला भोसकले. तो जखमी होऊन जमिनीवर पडल्यानंतर काही मिनिटांनी एलोर अझारिया या सैनिकाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. चित्रीकरण असल्यामुळे खटला उभा राहिला. सदोष मनुष्यवधासाठी १८ महिने शिक्षा झाली, ती १४ वर आली आणि नऊ महिन्यांत तो सुटला.

दुसऱ्या इंतिफादाने, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाने, उरलेसुरले मोडले. मार्च २००१ मध्ये अबू स्नेना टेकडीवरून नेमबाजाने दहा महिन्यांच्या ज्यू बाळाला ठार केले. नोव्हेंबर २००२ मध्ये किर्यात अर्बा ते समाधी या वाटेवरच्या सापळ्यात १२ इस्रायली सैनिक आणि सुरक्षारक्षक मारले गेले. पॅलेस्टिनींवर महिनोन्‌महिने संचारबंदी राहिली. अमेरिकी पैशाने नुकताच दुरुस्त केलेला शुहादा रस्ता पादचाऱ्यांनाही बंद झाला. २००६ च्या अखेरीस लष्कराने मान्य केले की पायी चालण्यावरची ही बंदी चुकून लागू राहिली होती. तरी रस्ता उघडला नाही. बेत्सेलेम ही इस्रायली मानवी हक्क संस्था आणि इस्रायली नागरी हक्क संघटना यांनी २००७ मध्ये गाभ्याची घर-दुकानवार पाहणी प्रसिद्ध केली. १,०१४ घरे, म्हणजे ४१.९ टक्के, रिकामी. १,८२९ दुकाने, म्हणजे ७६.६ टक्के, बंद. त्यांतली किमान ४४० लष्करी आदेशाने. उरलेली गिऱ्हाईक न राहिल्यामुळे. हे आकडे इस्रायली संस्थांचे आहेत, हे लक्षात घ्यावे.

ज्यांची घरे शुहादावर उघडतात त्यांतल्या कित्येकांचे पुढचे दार लोखंडी पट्ट्यांनी वेल्ड करून टाकले आहे. ते लोक शेजाऱ्यांच्या गच्च्यांवरून, शिड्या लावून मागच्या गल्लीत उतरतात. २०१५ च्या हल्ल्यांनंतर तेल रुमैदाच्या रहिवाशांना क्रमांक दिले गेले आणि यादीत नाव नसेल त्याला, मग तो सख्खा भाऊ का असेना, नाक्यातून आत सोडेनात. पुढे नाक्यांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे आले. एच-२ मध्ये असे अनेक अडथळे आहेत आणि त्यांतले बरेच कायम पहाऱ्याचे नाके आहेत. जुन्या बाजारावर तारेची जाळी ताणली आहे, कारण वरच्या मजल्यांवरच्या वसाहतींतून खाली दगड आणि कचरा पडतो. जाळीने दगड अडतो, सांडपाणी अडत नाही.

वसाहतवाल्यांची बाजू बातम्यांत एका ओळीत उरकली जाते, ती नीट मांडली पाहिजे. ते म्हणतात: १९२९ मध्ये आमची माणसे मारली, आमची घरे घेतली, आता फक्त आमचे आम्ही परत घेतो आहोत. शिवाय एच-१ मध्ये इस्रायलींना पाय ठेवता येत नाही, मग २० टक्क्यांत आम्ही राहिलो तर काय बिघडले? यातला मालमत्तेचा मुद्दा पोकळ नाही. घाऊक बाजाराखालची जमीन ज्यूंची होती, हे कोणी नाकारत नाही. अडचण अशी की तोच नियम इस्रायल उलट बाजूने लावत नाही. १९५० च्या गैरहजर मालमत्ता कायद्याने १९४८ मध्ये पळालेल्या किंवा हाकललेल्या पॅलेस्टिनींची याफा, हैफा, पश्चिम जेरुसलेममधली घरे सरकारजमा झाली आणि ती परत मागता येत नाहीत. आणि १९२९ मधून वाचलेले सारेजण वसाहतवाल्यांच्या बाजूचे नाहीत. १९९७ मध्ये वाचलेल्यांपैकी आणि त्यांच्या वंशजांपैकी काहींनी जाहीर निवेदन काढून, हे लोक आमच्या नावाने बोलू शकत नाहीत, असे सांगितले. इतर काही वंशज वसाहतीला पाठिंबा देतात, हेही खरे. तरी २०१८ मध्ये जुन्या बसस्थानकाच्या जागी ३१ घरे मंजूर झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षणमंत्री नफ्ताली बेनेट यांनी घाऊक बाजाराच्या जागी नवी ज्यू वस्ती आखायला सांगितले. तिथल्या भाडेकरू दुकानदारांचे संरक्षित हक्क आधी निकाली काढावे लागतील, हा प्रश्न त्या आदेशाने सुटत नाही.

आपल्या वृत्तसंपादकांना काही व्यवहार्य सूचना. बातमीत घटना एच-१ मधली की एच-२ मधली, ते लिहावे. त्यावरून तिथे बंदूक कोणाकडे होती हे वाचकाला कळते. अटक झाली असेल तर ती कोणत्या कायद्याखाली, तेही एका शब्दात सांगता येते. मृतांचा उल्लेख करताना १९२९ चा आकडा दिला तर १९९४ चाही द्यावा आणि उलटही. 'वादग्रस्त धर्मस्थळ' न लिहिता 'इब्राहिमी मशीद, ज्यूंची मखपेला' अशी दोन्ही नावे द्यावीत. हेब्रॉनचे जुने शहर जुलै २०१७ पासून युनेस्कोच्या धोक्यातील जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेही तिथे जोडता येईल.

आणि आकडे कोणाचे, हे जरूर छापावे. १९९७ नंतर नॉर्वे, इटली, डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान यांचे नि:शस्त्र निरीक्षक पथक शहरात फिरत असे. त्याचे अहवाल गुप्त असत, पण दोन्ही बाजूंना निदान कोणी तरी पाहत आहे हे ठाऊक असे. जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलने त्याची मुदत वाढवायला नकार दिला आणि पथक निघून गेले. तेव्हापासून एच-२ मधल्या घटनेचे वृत्त हे एक तर लष्कराचे निवेदन असते, नाही तर एखाद्या संस्थेचे किंवा रहिवाशाचे चित्रीकरण. यांपैकी कशावरून बातमी केली, ते पहिल्या परिच्छेदातच लिहिलेले असावे.

आपला,
पश्चिम आशियाच्या इतिहासाचा एक अभ्यासक,
पुणे